डालर नव्हे, युरो

दिघोरीत कुणी "काकू, तुमचे डालर दाखवा ना" म्हटलं की गोदावरीबाई कापगतेचं डोकं फिरायचं. "डालर नाही, युरो म्हन," असं ती ठणकावायची आणि समोरचा नीट म्हणेपर्यंत डब्याला हात लावायची नाही.

तिच्या रागाला कारण होतं. दिघोरीत दहा रुपयांच्या शिक्क्याला डालर म्हणतात. हे नाव कुणी पाडलं ते देव जाणे. त्यात हा शिक्का नकली असतो अशी कुणीतरी पुडी सोडून दिली. बँकेच्या साहेबानं येऊन समजावलं, पाटी लावली, तरी दुकानदार ऐकायला तयार नाहीत. दहाचा शिक्का पुढे केला की लोक विंचू दिसल्यासारखा हात मागे घेतात. म्हणजे डालर म्हणजे पैसा असूनही न चालणारा पैसा. आपल्या जिवापाड जपलेल्या नाण्यांना गावानं हेच नाव द्यावं, हे गोदावरीबाईला कसं सोसणार?

तिची मुलगी रीता आयर्लंडमध्ये नर्स आहे. पहिल्या सुट्टीत ती आली तेव्हा तिच्या पर्समधून मूठभर चिल्लर निघाली. गोदावरीबाई व्यवहाराला पक्की. ती चिल्लर घेऊन भंडाऱ्याला बदलायला गेली. तिथं बँकवाल्यांनी सांगितलं, नोटा असतील तर बघू, परदेशी नाणी कुणीच घेत नाही. एसटीचं भाडं अंगावर पडलं म्हणून चरफडत ती घरी आली, आणि अंगणातल्या उन्हात तिनं ती नाणी पहिल्यांदा नीट बघितली. त्यांच्यावर वाद्य होतं. वीणेसारखं, तारांचं.

त्या दिवसांत तिला झोप लागत नसे. पोरगी एकटी, थंडीचा देश, माणसं परकी. पण पैशावर राजा नाही, तोफ नाही, वाद्य छापलं आहे, हे बघून तिनं मनाशी ठरवून टाकलं की हे लोक पोरीला त्रास देणार नाहीत. तर्क काही फार धड नव्हता, पण त्या रात्री ती घोरत झोपली.

पुढे रीतानं सांगितलं की युरो वापरणारे देश दोन युरोची खास नाणी काढतात, कशाच्या ना कशाच्या आठवणीसाठी. झालं! गोदावरीबाईनं फर्मान काढलं: राजे नकोत, पूल नकोत, फुटबॉल तर मुळीच नको. गाणं, नाटक, चित्र, पुस्तक, नाच, असलं काही असेल तरच पाठव. रीता वॉर्डात, दुकानात, सुट्टे पैसे हातात आले की उलटून बघू लागली. तिच्यासोबत काम करणाऱ्या देशोदेशीच्या नर्सही बघू लागल्या. सहा वर्षांत तेवीस नाणी जमली. प्रत्येकाची चिठ्ठी गोदावरीबाईनं आपल्या सातवी पास अक्षरात लिहिली: देश, साल, विषय.

चोविसावं नाणं एस्टोनियाचं. हे नाव जिभेवर बसायला तिला चार दिवस लागले. त्या देशात दर पाच वर्षांनी गाण्याचा मेळा भरतो, हजारो माणसं एका जागी उभी राहून एका सुरात गातात. त्या मेळ्याला दीडशे वर्षं झाली म्हणून हे नाणं निघालं. या एका नाण्यासाठी ती तीन वर्षं थांबली होती. शेवटी रीताची एक मैत्रीण तिकडची निघाली, तिनं माहेराहून आणलं, आणि दिवाळीच्या आधी नागपूरला येणाऱ्या कुणाच्या तरी हाती ते दिघोरीला पोचलं.

आणि योग बघा, गावच्या मंडईच्या जत्रेनंतरच्याच रविवारी नागपुरात नाणी जमवणाऱ्यांचं प्रदर्शन होतं. रीतानं मोबाईलवरून फॉर्म भरून दिला होता. सुताराकडून गोदावरीबाईनं चोवीस कप्प्यांची सागवानी चौकट करून घेतली आणि डब्यातली नाणी तिच्यात मांडली. नियम सरळ होते: फॉर्मात लिहिलेला संच पुरा असावा आणि नाणं खराब केलेलं नसावं. पहिल्या तिघांना प्रशस्तिपत्र. "चालत नाही तो पैसा जमवून काय लोनचं घालाचं?" असं विचारणाऱ्या अख्ख्या गावाच्या नाकासमोर तिला तो कागद भिंतीवर टांगायचा होता. उगाच आढेवेढे कशाला, तिला तो कागद हवाच होता.

मंगळवारी दिघोरीची मंडई होती. दिवाळी झाली की आमच्या झाडीपट्टीत गावोगाव मंडई भरते आणि दिवसभर दंडार चालते, गाण्यानाचाची, सोंगांची. आवडलं की बघणारे खिशातून बक्षीस देतात. गोदावरीबाईचा नवरा भय्याजी तरुणपणी दंडारीत लुगडं नेसून नाचलेला. आता गुडघे बोलतात, पण मंडईच्या दिवशी तो पहिल्या रांगेत नसेल तर दंडार सुरू होत नाही. गोदावरीबाई मात्र त्या दिवशी बोडीच्या, म्हणजे गावतळ्याच्या, काठच्या शेतावर होती. हलक्या, लवकर येणाऱ्या धानाची मळणी होती, मशीन मोठ्या मुश्किलीनं मिळालं होतं. दुपारी भय्याजीचा फोन आला. मशीनच्या आवाजात तिला अर्धंच ऐकू आलं.

"बक्षिसाले खिशात पाचशेच्या नोटीबिगर काही नाही ना वो! काय देऊ?"

"डब्यातला डालर न्या ना!" ती ओरडली आणि फोन कमरेला खोचला.

संध्याकाळी घरी येऊन तिनं हातपाय धुतले, चहा टाकला, आणि सवयीनं चौकटीवरचा कपडा उचलला. चोविसावा कप्पा रिकामा होता.

तिनं आधी पलंगाखाली बघितलं, मग चौकटीखाली, मग भय्याजीकडे. भय्याजी चहाची बशी तोंडाला लावून बसला होता.

"अजी, माहा एस्टोनिया कोटी आहे?"

"काय आहे?"

"युरो! नवा आला होता तो!"

भय्याजीनं बशी खाली ठेवली. "तूच त सांगतलं ना, डब्यातला डालर न्या म्हनून. नाण्याईचा डबा रिकामा होता, मंग चौकटीतला शेवटचा काढला."

"अजी, सैपाकघरातल्या बिस्कुटाच्या डब्यातला! दहाचा! चालत नाही म्हनून पडले आहेत ते!"

"मंग तसं सांगाचं. तुया नाण्याईले सारं गाव डालर म्हनते. सहा वर्स माहावर ओरडली, डालर म्हनू नोका, डालर म्हनू नोका. अन आज तूच म्हनली. मले वाटलं, बाईचं मन मोठं झालं. गाण्याचा शिक्का गाण्यालेच देऊन राहिली."

गोदावरीबाईला भांडायला जागाच नव्हती. जो शब्द तिनं गावाच्या तोंडून काढून टाकायला सहा वर्षं घालवली, तो नेमक्या वेळी तिच्याच तोंडून निघाला होता. तिला रडू आलं, आणि रडू आल्याचा आणखी राग आला. तिनं चहा ओतून दिला आणि म्हणाली, "कोनाले देल्ला?"

"चंद्रकुमार झोड्याची पोरगी नाही का, राखी. ती गायली. काय गायली बापा!"

रात्री रीताचा फोन आला. "आई, दोन युरोचं तर आहे. दुसरं पाठवते ना."

"कवा भेटन?"

"महिना लागेल."

"परदर्शन रविवारी आहे," गोदावरीबाई म्हणाली. "म्या आनतो तो. पैसा हवेत त उडत नाही."

बुधवारी सकाळी ती दंडार मंडळाच्या अमरकडे गेली. माईकवरून बक्षिसं पुकारायचं काम त्याचं. तो मांडवाचे बांबू सोडत होता.

"काकू, तो काकाचा डालर ना? म्या पुकारला, भय्याजी कापगते यायच्याकडून राखीच्या गाण्याले एक डालर! लोक हासले. पर खरं सांगू, तिले दिवसभरात भेटलं ते तेवढंच."

"तेवढंच म्हंजे?"

अमरनं बांबू खाली टेकवला. "दंडारीत पोरगी उभी रायली ना काकू. आतापावतर मानसंच लुगडं नेसत. बुढे लोक म्हनत होते, हे काय नवं काढलं. कोनी हात खिशात घातला नाही. एकट्या काकानं देल्लं." मग हळूच पुढे म्हणाला, "शिक्का नकली होता बरं. थोडा लहानच होता."

तिथून ती ताराचंदच्या दुकानात गेली, कारण मंडईच्या दिवशी पोरीसोरी तिथंच खर्चायला जातात. ताराचंद शपथ घेतल्यासारखा बोलला.

"आल्ती. तेलाची पुडी मागतली, शिक्का ठेवला. म्या म्हनलं, माय, दहाचा डालर म्या माह्या बापाकडूनही घेत नाही. अन तो त उलटा होता वहिनी! आपल्यात आत पांढरा, बाहीर पिवळा. त्यात आत पिवळा, बाहीर पांढरा. नकली बनवनाऱ्याले रंगही धड जमला नाही."

दुसऱ्या एखाद्या दिवशी गोदावरीबाईनं त्याला तासभर शिकवलं असतं. आज तिनं फक्त विचारलं, पोरगी कुठं गेली? तर ती वरठीला. चंद्रकुमार तिथल्या पोलादाच्या कारखान्यात कामाला, बिऱ्हाड तिथंच. मंडईपुरते आले होते, सकाळच्या गाडीनं परतले. अमरकडून नंबर घेऊन तिनं चारदा फोन लावला. कुणी उचलला नाही.

"जाऊ दे ना," भय्याजी म्हणाला. "एका शिक्क्यासाठी एवढ्या दूर जाशीन?"

"तुमी धानाचे पोते मोजून घ्या," ती म्हणाली आणि गुरुवारी पहाटेच्या एसटीत बसली. पदराच्या गाठीत शंभराची कोरी नोट होती. हिशेब साधा होता: पोरीला दहाऐवजी शंभर द्यायचे, आपला युरो घ्यायचा, पोरगी खूश, आपण खूश. भंडाऱ्याला गाडी बदलताना कंडक्टरनं तिला अर्धं तिकीट फाडून दिलं. सुट्ट्यासाठी तिनं घरचा दहाचा शिक्का पुढे केला, तर तोही म्हणाला, "बाई, हा नाही चालत." तिला वाटलं, याचे कान उपटावेत. पण पोचायचं होतं. तिनं पिशवीतली वीसची नोट दिली.

वरठीला ती पोचली तेव्हा कारखान्याची पाळी सुटत होती. सायकली आणि मोटरसायकलींचा लोंढा फाटकातून बाहेर पडत होता. विचारत विचारत ती दोन खोल्यांच्या बिऱ्हाडाशी आली. दारात एकोणीस-वीस वर्षांची मुलगी सुपात तांदूळ निवडत बसली होती. तिच्या गळ्यात काळा दोरा होता आणि दोऱ्यात एस्टोनिया लोंबत होता.

गोदावरीबाईचा पाय उंबऱ्यापाशीच अडला. नाण्याला भोक पाडलेलं होतं. कडेच्या पांढऱ्या वर्तुळात बारा तारे होते, त्यातला एक गेला होता.

"हे कोनं केलं?" ती म्हणाली. ओळख नाही, पाळख नाही, पाणी नाही, एकदम हेच.

राखी गडबडून उठली. तेवढ्यात चंद्रकुमार मोटरसायकल लावून आला. त्यानं गोदावरीबाईला ओळखलं. "काकू! तुमी कशा काय इकडं? बसा ना. राखी, पानी आन."

गोदावरीबाई बसली नाही. उभ्यानंच तिनं सगळं सांगितलं: युरो, चौकट, रविवार, डालर. बोलता बोलता आवाज चढला. चंद्रकुमारच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला.

"काकू, आमाले काय ठावं? ताराचंदनं घेतला नाही, गाडीत कंडक्टरनं घेतला नाही, इथं चहावाल्यानं तर फेकूनच देल्ला. पोरगी रडाले लागली. पहिलं बक्षीस, तेही नकली. मंग म्या म्हनलं, बाजारात चालत नाही त गळ्यात घाल. वेल्डिंगवाल्याकून भोक पाडून आनलं." त्यानं पोरीकडे बघितलं. "तुमचं आहे त न्या. तुमच्याच घरचं आहे."

राखीनं पाण्याचा गिलास ठेवला आणि दोरा गळ्यातून काढला. दोरा वेणीत अडकला, तिनं तो ओढून सोडवला, आणि नाणं गोदावरीबाईच्या हातावर ठेवलं. नाणं अंगाच्या उबेनं गरम होतं.

गोदावरीबाईनं पदराची गाठ सोडून शंभराची नोट पुढे केली. राखी मागे सरली.

"नोको आजी."

"काहून? बक्षीस समज."

"तुमी गानं ऐकलंच नाही," राखी म्हणाली. "बक्षीस कशाचं?"

बोलणं बोचरं नव्हतं, नुसतं खरं होतं. पण गोदावरीबाईला ते थेट लागलं. युरोपातल्या कुठल्या गावात कोण गातं, याच्या चिठ्ठ्या लिहिताना तिची सहा वर्षं गेली होती, आणि आपल्या बोडीपासून हाकेच्या अंतरावर पोरगी उभी राहून गायली तेव्हा ती मळणीवर होती. मळणी टाळता आली नसती, हेही खरंच. तरी तिला स्वतःची लाज वाटली. ती पायरीवर बसली.

"याच्यावर काय आहे ते पाह्यलं का तू?" तिनं नाणं पुढे धरलं.

"पाह्यलं. मानसं गाऊन राहिले असं वाटलं. म्हनून त ठेवलं."

गोदावरीबाईनं तिच्याकडे नीट बघितलं. सहा वर्षांत दिघोरीतल्या एकाही माणसानं तिला न विचारता नाण्यावरचं चित्र ओळखलं नव्हतं.

"गानंच आहे ते," ती म्हणाली आणि तिनं त्या मेळ्याबद्दल सांगितलं. दूरचा लहानसा देश, दर पाच वर्षांनी जमणारी हजारो माणसं, एक सूर.

"तिथं बायाही उभ्या राहून गातेत?"

"बाया, मानसं, पोरंपोरी, सारे."

"अन कोनी काही म्हनत नाही?"

"म्हननाऱ्यानं म्हनाचं. त्यायनं पैशावर छापलं." गोदावरीबाईनं गिलासातलं पाणी एका दमात संपवलं. "गाय आता. काय गायली होती ते."

राखीनं बापाकडे बघितलं. चंद्रकुमारनं मान हलवली. ती भिंतीला टेकून उभी राहिली आणि गाऊ लागली. पहिली ओळ घाबरत आली, दुसरी सरळ आली. शेजारची बाई कपडे वाळत घालता घालता थांबली. कारखान्याकडून परतणारा एक सायकलवाला पाय टेकून उभा राहिला. ढोलकी नव्हती, झील धरायला कुणी नव्हतं, नुसता आवाज होता, आणि तो आवाज लपून राहणारा नव्हता. गोदावरीबाईच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तिनं ते पुसलं नाही. भय्याजी "काय गायली बापा" म्हणाला होता, तो कंजूसच म्हणायला हवा.

गाणं संपल्यावर तिनं नाणं पुन्हा एकदा उलटसुलट करून बघितलं. मन फार ओढ घेत होतं. भोक असलं म्हणून काय झालं, कप्पा तर भरेल, असंही एकदा वाटून गेलं. मग तिनं राखीला समोर बसवलं, दोरा तिच्या गळ्यात घातला आणि मागे दोन गाठी मारल्या.

"आता हे बक्षीस माह्याकडून," ती म्हणाली. "ऐकून देल्लं आहे. अन कोनी डालर म्हनलं त काय म्हनाचं?"

"युरो," राखी म्हणाली.

"एस्टोनियाचा."

घरी परतायला अंधार पडला. भय्याजी ओट्यावर वाट बघत बसला होता.

"भेटला?"

"भेटला."

"मंग आन ना, पाहू."

"नाही आनला."

 भय्याजीनं उठून तिच्यासाठी ताट वाढून आणलं. लग्नाला सदतीस वर्षं झाली होती, कधी ताट वाढायचं ते त्याला कळत होतं.

रविवारी नागपूरच्या हॉलमध्ये लांबच लांब टेबलं मांडली होती. कुणी मोगलांची मोहर आणली होती, कुणी होळकरांची. गोदावरीबाईच्या चौकटीपाशी गर्दी बरी होती. पोरं वाकून वाकून चिठ्ठ्या वाचत होती. चोविसाव्या कप्प्यात नाणं नव्हतं, चिठ्ठी मात्र होती. दुपारी परीक्षक आले. पांढऱ्या मिशांचे, चष्मा कपाळावर ढकललेले, बोलायला मऊ असे गृहस्थ. त्यांनी भिंग काढलं, एकेक नाणं बघितलं, शेवटच्या कप्प्याशी थांबले आणि चिठ्ठी मोठ्यानं वाचली.

"देश: एस्टोनिया. साल: दोन हजार एकोणीस. विषय: गाण्याचा मेळा. सध्या मुक्काम: राखी चंद्रकुमार झोडे, गायिका, दिघोरीची दंडार." त्यांनी चष्मा खाली घेतला. "हे काय हो, ताई?"

"बक्षीस देल्लं."

"अहो, पण संच अपूर्ण झाला ना! तुमची मांडणी फार सुंदर आहे, मनापासून सांगतो. पहिल्या तिघांत सहज बसेल." त्यांनी आवाज खाली आणला. "असं करा, ती चिठ्ठी काढून टाका. तेवीस नाण्यांचाच संच होता म्हणू, मी तशी नोंद करतो. रिकामा कप्पा आणि चिठ्ठी तशीच ठेवलीत, तर मला गुण कापावे लागतील."

शेजारी उभ्या भय्याजीनं बायकोकडे बघितलं. तो कागद तिला किती हवा होता, ते त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. त्यासाठी भिंतीत खिळासुद्धा ठोकून झाला होता.

कप्प्यातली चिठ्ठी वाऱ्यानं जराशी तिरकी झाली होती. गोदावरीबाईनं बोटानं ती सरळ केली, राखीचं नाव नीट दिसेल अशी.

"कापा," ती म्हणाली.